रंगाईचे सांडपाणी आणि संमिश्र अधिशोषक: प्रयोगशाळेतले मणी खऱ्या पाण्यात का हरतात?

मृण्मयी_रावपुरा

नमस्कार. मी बडोद्यात रसायनशास्त्र शिकवते आणि गेली दोन वर्षे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांसह पाण्यातील रंजके (रंग देणारे पदार्थ) आपल्या पृष्ठभागावर धरून काढून घेणाऱ्या संमिश्र, म्हणजे एकाहून अधिक पदार्थ मिळून केलेल्या, अधिशोषकांवर काम करीत आहे. या कामात आलेले एक अपयश येथे सविस्तर मांडते, कारण यश सर्वत्र छापून येते, अपयशाचे कारण मात्र प्रत्येकाला नव्याने शोधावे लागते.

आमचा पदार्थ असा आहे. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान आम्ही सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवतो, त्यात कच्छच्या बेंटोनाइट मातीची बारीक पूड ढवळून एकजीव करतो आणि ते दाट मिश्रण सिरिंजमधून थेंबाथेंबाने कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडतो. अल्कलीत पडताच थेंब घट्ट होतो आणि वाटाण्याहून लहान मणी तयार होतात. या दोन पदार्थांची सांगड घालण्याचे कारण त्यांच्या उणिवांमध्ये आहे. बेंटोनाइटच्या थरांवर ऋणभार असल्यामुळे ही माती मिथिलीन ब्लूसारखी धनभारित रंजके चटकन ओढून घेते, परंतु पाण्यात ती फुगते, तिचा चिखल होतो आणि नळीत भरली तर पाणी पुढे सरकतच नाही. कायटोसानवरील अमिनो गटांना आम्लधर्मी पाण्यात धनभार मिळतो आणि ते काँगो रेडसारखी ऋणभारित रंजके धरून ठेवते, परंतु एकटे कायटोसान मऊ पडते आणि आम्लात विरघळून जाते. एकत्र आणल्यावर माती मण्याला कणखरपणा देते, कायटोसान मातीला बांधून ठेवते आणि दोन्ही भारांच्या रंजकांसाठी जागा तयार होते.

मिथिलीन ब्लूच्या द्रावणात हे मणी टाकले तेव्हा दोन तासांत पाणी जवळजवळ बिनरंगी झाले. काँगो रेडच्या बाबतीतही, सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) योग्य ठेवल्यावर, निकाल समाधानकारक आला. गेल्या महिन्यात एका छोट्या रंगाई कारखान्यातून सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगाचे खरे सांडपाणी मिळाले आणि विद्यार्थ्यांनी मोठ्या उत्साहाने त्यात मणी टाकले. चोवीस तासांनंतरही त्या गडद निळ्या पाण्यात डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही.

आमचे नेमके काय चुकले असावे, यावर या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांचे मत मला हवे आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी याच शहरात कलाभवन सुरू केले आणि रंगाईचे रसायनशास्त्र तेथे शिकवले जाऊ लागले. कापडावर रंग पक्का कसा बसवावा हे ज्या गावाने शिकवले, त्या गावात तो पाण्यातून कसा सोडवून घ्यावा याचीही तितक्याच गांभीर्याने चर्चा व्हावी, असे मला मनापासून वाटते.

रंगाई_मकरपुरा

मॅडम, माझा शिक्षणाचा भाग थोडा आहे, परंतु रंगाईच्या कामात बावीस वर्षे गेली आहेत, म्हणून लिहितो. आपल्याला मिळालेले पाणी बहुधा पहिलेच सोडलेले बाथ, म्हणजे ज्यात कापड रंगवले तेच पाणी, असावे. नेव्ही किंवा काळा यांसारखा गडद रंग सुतावर चढवताना आम्ही लिटरला ६० ते ८० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घालतो, कारण मिठाशिवाय रंग पाणी सोडून सुताकडे जात नाही. त्यानंतर रंग पक्का बसवण्यासाठी सोडा घालतो आणि पाण्याचा सामू ११ च्या आसपास जातो. एवढे करूनही सगळा रंग कापडाला लागत नाही. जो भाग पाण्याशीच अभिक्रिया करून बसतो तो पुन्हा कापडाला धरत नाही आणि बाथबरोबर वाहून जातो. टर्क्वाइजमध्ये (हिरवट निळ्या छटेत) हे प्रमाण विशेष जास्त असते, हे मी रोज डोळ्यांनी पाहतो.

एका घाणीमागे, म्हणजे रंगाईच्या एका खेपेमागे, पाणी एकदाच सुटत नाही, हेही लक्षात घ्यावे. पहिले बाथ सुटते, मग थंड पाण्याची धुलाई, मग ॲसेटिक आम्ल घालून सोडा मारण्याची धुलाई, मग उकळत्या साबणाचे पाणी आणि शेवटी पुन्हा दोन धुलाया. या प्रत्येक पाण्याचा स्वभाव वेगळा असतो. आपण कोणत्या टप्प्यावरचे पाणी घेतले आणि त्याचा सामू मोजला होता का, एवढे कृपया सांगावे.

मृण्मयी_रावपुरा

दादा, आपण शिक्षण थोडे म्हणता, परंतु आमच्या अपयशाचे निदान आपल्या पहिल्याच परिच्छेदात आहे. पाणी पहिल्या बाथचेच होते आणि आम्ही सामू मोजला तो प्रयोग फसल्यानंतर. तो १०.८ निघाला.

आता गणित उघड आहे. कायटोसानच्या अमिनो गटांचा धनभार सामू साधारण ६.५ च्या वर गेला की ओसरू लागतो आणि ११ च्या जवळ तो राहतच नाही. बेंटोनाइटवर तर मुळातच ऋणभार आहे. रिॲक्टिव्ह रंजकांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात आणि तेही ऋणभारितच. म्हणजे आम्ही ऋणभारित मणी ऋणभारित रंजकाच्या पाण्यात सोडले आणि दोघांनी एकमेकांना दूर ठेवले. त्यात मिठाची भर पडली, कारण मिठाचे ऋण आयन उरल्यासुरल्या धनभारित जागांसाठी रंजकाशी स्पर्धा करतात.

मिथिलीन ब्लूमुळे आमची दिशाभूल झाली, हेही मान्य करायला हवे. हे रंजक १८७६ मध्ये प्रथम तयार झाले. ते सहज मिळते, रंगमापीवर ६६४ नॅनोमीटरला स्वच्छ मोजता येते आणि माती, लाकडाचा भुसा, शेंगांची टरफले अशा जवळजवळ प्रत्येक वनस्पतिजन्य किंवा मातकट पदार्थावर सहज बसते, कारण या पदार्थांच्या पृष्ठभागावर बहुतेक वेळा ऋणभार असतो. त्यामुळे मिथिलीन ब्लू काढून दाखवणे ही अधिशोषकाची कठीण परीक्षा नव्हे. सुती रंगाईच्या सांडपाण्यात असतात ती रिॲक्टिव्ह रंजके, आणि आम्ही तयारी केली होती भलत्याच पाहुण्याची.

निवृत्त_जलशुद्धी

मी अनेक वर्षे एका औद्योगिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात काम करून निवृत्त झालो आहे. मृण्मयीताईंनी अपयश उघडपणे मांडले याबद्दल त्यांचे आभार मानून, मी आकड्यांविषयी लिहितो, कारण माझ्या अनुभवात अधिशोषकांची सर्वाधिक फसगत आकड्यांमध्येच होते.

पहिली गोष्ट टक्क्यांची. ‘९८ टक्के रंग काढला’ हे विधान एकटे निरर्थक आहे. लिटरला २० मिलिग्रॅम रंजक असलेल्या पाण्यात लिटरला १० ग्रॅम अधिशोषक टाकून ९८ टक्के रंग काढला, तर प्रत्येक ग्रॅमने २ मिलिग्रॅमही रंजक उचललेले नसते. त्या हिशेबाने १० हजार लिटर पाण्यासाठी १०० किलो पदार्थ लागेल आणि त्यातून निघणारे रंजक २०० ग्रॅमही भरणार नाही.

दुसरी गोष्ट कमाल क्षमतेची, आणि येथे थोडे थांबून लिहितो, कारण ही चूक जाणकारांकडूनही होते. लँगम्युअरच्या समीकरणातून (पाण्यात उरलेले आणि पदार्थाने धरलेले रंजक यांचा संबंध सांगणाऱ्या सूत्रातून) निघणारी कमाल क्षमता ही पृष्ठभागावरील प्रत्येक जागा भरल्यावरची असते आणि सगळ्या जागा भरण्यासाठी पाण्यात भरपूर रंजक शिल्लक असावे लागते. आपल्याला हवे असते नेमके उलटे, म्हणजे पाण्यात रंजक जवळजवळ उरू नये. उदाहरणादाखल, एखाद्या पदार्थाची कमाल क्षमता ग्रॅमला २०० मिलिग्रॅम आणि लँगम्युअर स्थिरांक (रंजकाची ओढ किती ते दाखवणारा आकडा) ०.०५ लिटर प्रति मिलिग्रॅम धरा. पाण्यात शेवटी लिटरला ५ मिलिग्रॅम रंजक उरावे अशी अपेक्षा असेल, तर समतोलाच्या वेळी तो पदार्थ ग्रॅमला फक्त ४० मिलिग्रॅम धरतो, म्हणजे जाहीर केलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा. लिटरला १०० मिलिग्रॅम रंजक असलेले पाणी ५ वर आणण्यासाठी त्याचा डोस लिटरला सुमारे २.४ ग्रॅम येतो.

यावर उपाय आहे आणि तो नवा पदार्थ शोधण्याचा नाही, वापरण्याच्या पद्धतीचा आहे. हेच काम दोन टाक्यांत उलट्या क्रमाने करावे. ताजे गडद पाणी आधी अर्धवट वापरलेल्या पदार्थाला भेटावे आणि त्यातून निघालेले फिकट पाणी ताज्या पदार्थाला भेटावे. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर डोस लिटरला सुमारे ०.७५ ग्रॅमवर येतो, म्हणजे तिपटीहून अधिक बचत होते. मण्यांचा खरा फायदा मला येथे दिसतो. पूड एका टाकीतून दुसऱ्या टाकीत नेता येत नाही, ती गाळाबरोबर जाते. मणी मात्र जाळीच्या पिशवीत भरून उचलता येतात.

तिसरी गोष्ट मिठाची. कोणताही अधिशोषक मीठ काढत नाही. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या मानकांत रंगाची मर्यादा १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक आणि विरघळलेल्या एकूण क्षारांची २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर अशी आहे. पहिल्या बाथमध्ये लिटरला ६० ग्रॅम मीठ म्हणजे ६० हजार मिलिग्रॅम. ते पाणी पूर्ण बिनरंगी झाले तरी नाल्यात सोडण्याजोगे होत नाही. त्याचा विचार वेगळाच करावा लागतो आणि शक्य असल्यास रंग काढून तेच खारे पाणी पुढच्या घाणीसाठी परत वापरावे लागते. २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिरुप्पूरमधील रंगाई कारखाने बंद झाले, त्यानंतर तेथे मिठाच्या पाण्याच्या पुनर्वापराला गांभीर्याने घेतले गेले.

विद्यार्थिनी_अंतिमवर्ष

सर, मॅडम, माझा प्रकल्प शेंगदाण्याच्या टरफलांपासून केलेला जैवकोळसा आणि लोहाचे चुंबकीय ऑक्साइड यांच्या संमिश्रावर आहे. लोहाचे फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन या प्रमाणात घेऊन अमोनियाने अवक्षेप काढला की मॅग्नेटाइट कोळशाच्या छिद्रांत बसते आणि वापरानंतर साध्या चुंबकाने पूड गोळा करता येते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कारखान्याच्या प्रमाणावर ही चुंबकाची सोय टिकते का? आणि कायटोसान आम्लात विरघळू नये म्हणून ग्लुटाराल्डिहाइडने साखळ्या जोडतात, तसे आपण केले आहे का?

मृण्मयी_रावपुरा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, आम्ही ग्लुटाराल्डिहाइड वापरले आणि त्याची किंमतही मोजली. ते ज्या अमिनो गटांना जोडते तेच गट रंजक धरणारे असतात, त्यामुळे मणी जितका टिकाऊ करावा तितकी त्याची पकड कमी होते. शिवाय ते स्वतः विषारी आहे, म्हणून मणी वापरण्यापूर्वी वारंवार धुवावे लागतात आणि धुतलेल्या पाण्याचीही जबाबदारी घ्यावी लागते. सामू ५ च्या खाली जाऊ देणार नसाल तर सौम्य जोडणी पुरते, असा आमचा अनुभव आहे.

चुंबकाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. शंभर मिलिलिटरच्या चंचुपात्रात पूड चुंबकाकडे धावते ते दृश्य फार मोहक असते, परंतु टाकी हजार लिटरची झाली की चुंबकाचा प्रभाव काही सेंटिमीटरांपुरताच राहतो आणि पाणी चुंबकाजवळून न्यावे लागते. आम्लधर्मी पाण्यात मॅग्नेटाइटमधून लोह सुटू शकते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पाण्यातील लोह मोजावे. आपल्या प्रकल्पात एवढी एक नोंद घेतलीत तरी त्याचे मोल वाढेल. जैवकोळशाच्या बाबतीत शून्यभार सामू, म्हणजे ज्या सामूला पृष्ठभागावरचा एकूण भार शून्य होतो तो, अवश्य काढावा. तो न काढता निवडलेला प्रयोगाचा सामू हा अंदाज ठरतो, आणि आमचे काय झाले ते आपण वाचलेच आहे.

पादरा_वाचक

मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. आमचे घर पादरा तालुक्यात आहे. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून या भागातून जातो, त्यामुळे सांडपाणी हा शब्द आमच्या घरात लहानपणापासून आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शेतातील विहिरीच्या पाण्याला फिकट तांबूस छटा आली होती. ती कशामुळे आली हे आम्हाला कळले नाही आणि मी त्यासाठी कोणाचे नाव घेत नाही. आईने त्या पाण्यावर भाजी लावणे बंद केले, ते आजही बंदच आहे. आपण सगळे मण्यांविषयी लिहीत आहात, म्हणून विचारतो. असे मणी किंवा कोळसा विहिरीत टाकला तर पाणी वापरण्याजोगे होईल का?

निवृत्त_जलशुद्धी

भाऊ, असे करू नये, हे मी स्पष्टपणे लिहितो. विहिरीत टाकलेला अधिशोषक काही काळ रंग धरील, परंतु पाझर चालू असेल तर तो भरून जाईल, आणि पाण्याचा सामू किंवा क्षार बदलले तर धरलेले पुन्हा सोडूनही देईल. रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले असेही नाही. अझो रंजकांमधील नायट्रोजनचा दुहेरी बंध प्राणवायू नसलेल्या गाळात तुटतो आणि रंग नाहीसा होतो, परंतु त्यातून ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांपैकी बेंझिडिनसारखी काही कर्करोगकारक आहेत. बेंझिडिनवर आधारलेल्या रंजकांवर आपल्या देशात १९९० च्या दशकातच बंदी आली ती याच कारणाने. म्हणजे तांबूस पाणी काही काळाने पांढरे दिसू लागले तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नये. उलट बाजूही सांगतो, म्हणजे विनाकारण भीती राहू नये: तांबूस छटा लोहामुळेही येते आणि तिचा रंगाईशी काहीही संबंध नसू शकतो.

स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना घ्यावा, बाटली काठोकाठ भरावी, थंड ठेवून त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावी आणि लोह, विरघळलेले क्षार, क्लोराइड, रासायनिक प्राणवायू मागणी (सीओडी, सेंद्रिय प्रदूषणाचे एक माप) यांची तपासणी लेखी मागावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर असे दोन नमुने असतील तर अर्थ लावणे सोपे जाते. आईंनी पाणी बंद ठेवले ते योग्य केले. अहवाल हाती येईपर्यंत ते बंदच असू द्यावे.

मृण्मयी_रावपुरा

पादऱ्याच्या दादांनी विचारलेल्या प्रश्नामुळे माझ्या मनातील एक अस्वस्थता पुढे आली आहे. अधिशोषण रंजकाचा नाश करीत नाही, त्याची जागा बदलते. आमच्या प्रयोगशाळेत वापरून झालेल्या निळ्या मण्यांची बरणी कपाटात आहे आणि ती कोठे जाणार हा प्रश्न आमच्या एकाही प्रबंधात नीट लिहिलेला नाही. सामू वाढवून, म्हणजे सौम्य कॉस्टिकने धुऊन, मण्यांतील रिॲक्टिव्ह रंजक सोडवता येते आणि मणी पुन्हा वापरता येतात, परंतु प्रत्येक फेरीत क्षमता थोडी घटते आणि थोड्या कॉस्टिकमध्ये सगळा रंग एकवटतो. निवृत्त सरांनी यावर मार्गदर्शन करावे.

निवृत्त_जलशुद्धी

एकवटणे हाच त्यातील लाभ आहे, ताई. हजार लिटर फिकट पाण्यावर ओझोन किंवा फेंटन प्रक्रिया करणे परवडत नाही. वीस लिटर गडद द्रावणावर ती करता येते. फेंटनसाठी सामू ३ च्या आसपास आणावा लागतो, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस क्षार लागतात आणि शेवटी लोहाचा थोडा गाळ निघतो, तरीही रेणू खरोखर तुटतो. थकलेले मणी मात्र घातक कचरा समजूनच हाताळावेत आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत जागीच द्यावेत. ते शेतात किंवा भरावात टाकणे म्हणजे पाण्यातून काढलेले मातीत पुरणे होय. मण्यांची किंमत काढताना हा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. तो न धरल्यामुळे कागदावर स्वस्त दिसणारे अनेक पदार्थ प्रत्यक्षात टिकले नाहीत, हे मी पाहिले आहे.

रंगाई_मकरपुरा

हे सर्व वाचून एक गोष्ट सुचते. पहिल्या बाथवर आपण हट्ट धरू नये. त्यात मीठ आहे, सोडा आहे, आणि सोड्यावर आम्ल ओतले की वायू सुटून इतका फेस येतो की छोटी टाकी ओसंडते. आम्लाचा खर्च वेगळाच. परंतु ॲसेटिक आम्लाची जी धुलाई आम्ही करतोच, तिचे पाणी बाहेर पडते तेव्हा सामू ५ ते ६ च्या मध्ये असतो. त्यात मीठ बरेच कमी झालेले असते आणि रंग मात्र चांगला दिसेल इतका असतो. आपल्या मण्यांना जे पाणी हवे ते आमच्याकडे आयतेच तयार होते, फक्त आज ते बाकीच्या पाण्यात मिसळून एकाच गटारात जाते. त्यासाठी वेगळा पाइप टाकायला मला फार तर दोन दिवस लागतील. साबणाचे पाणी त्यात येणार नाही याची काळजी मी घेईन, कारण साबणाने मण्यांवर थर बसेल असे मला वाटते.

मृण्मयी_रावपुरा

दादा, दोन वर्षांत आम्हाला सुचले नाही ते आपण सुचवले. आम्ही पाण्याचा सामू मण्यांना अनुकूल करण्याच्या मागे होतो. मण्यांना अनुकूल असलेले पाणी कारखान्यात कोणत्या टप्प्यावर सुटते हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. साबणाविषयीचा आपला अंदाजही बरोबर आहे. ऋणभारित साबणाचे रेणू रंजकाच्याच जागा अडवतात.

येत्या शनिवारी मी दोन विद्यार्थ्यांसह आपल्याकडे येते. आम्लाच्या धुलाईचे पाणी वीस लिटरच्या तीन कॅनमध्ये, शक्य असल्यास नेव्ही, लाल आणि टर्क्वाइज या तीन वेगळ्या घाण्यांमधून, भरून ठेवावे. प्रत्येक कॅनवर रंगाची छटा, त्या घाणीला लिटरमागे घातलेले मीठ आणि धुलाई सोडतानाची वेळ लिहिलेली असावी. टर्क्वाइजच्या बहुतेक रंजकांत तांबे असते, त्यामुळे त्या कॅनमध्ये आम्ही रंगाबरोबर तांबेही आधी आणि नंतर मोजू. सामू या वेळी पाणी हाती येताच, आपल्याच अंगणात, पहिल्यांदा मोजला जाईल.

निवृत्त सर, दोन टाक्यांच्या उलट्या क्रमासाठी जाळीच्या पिशव्या कोणत्या कापडाच्या घ्याव्यात, एवढे शुक्रवारपर्यंत लिहिलेत तर त्या शिवून घेता येतील.

निवृत्त_जलशुद्धी

नायलॉनची जाळी घ्यावी, सुती मुळीच नको, कारण रिॲक्टिव्ह रंग सुताला ओढ घेतो आणि आपला हिशेब चुकेल. भोके मण्याच्या निम्म्याहून लहान असावीत. पिशवी दोन तृतीयांशच भरावी, मणी पाण्यात फुगतात. शनिवारी मीही येतो.